जुन्या गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन घेताय? या चुका टाळा

कोकणात जुनी पद्मिनी नाहीतर ॲम्बेसेडर ठेवणारा पावसाळ्यात सीबी पॉइंटला (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) वैतागतोच. मग कोणीतरी सांगतं, इलेक्ट्रॉनिक किट टाक, कटकट मिटेल. पण किटने बदलतात फक्त पॉइंट आणि कंडेन्सर, डेल्कोचं (म्हणजे प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) टोपण, त्याखाली फिरणारा रोटर, प्लग वायरी सगळं जुनंच राहतं, त्यामुळे टोपणाला बारीक तडा असेल आणि दमट हवेत तिथून करंट पळत असेल तर किट टाकूनही गाडी मिसिंग करणारच. आधी टोपण आणि वायरी बघा.

दुकानात नुसतं गाडीचं नाव सांगून किट मागू नका. इतक्या वर्षांत कोणत्या गॅरेजवाल्याने कुठला डेल्को बसवलाय देव जाणे! डेल्कोच्या बॉडीवर नंबर असतो, त्यावरची घाण पुसून तो वाचा, फोटो काढा. बॅटरीची कुठली बाजू गाडीच्या बॉडीला अर्थ आहे तेही बघून घ्या, जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असायचा आणि उलटं जोडलं की मॉड्यूल (किटमधला पॉइंटचं काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) गेलंच समजा.

सगळ्यात जास्त घोळ कॉइलचा, म्हणजे ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाचा. दोन्ही वायरी काढून प्लस-मायनसमध्ये मल्टिमीटर लावा, प्रोब एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा करा. 3 ओहमच्या आसपास असेल तर साधी कॉइल, 1.5 असेल तर ती बॅलास्टवाली, म्हणजे करंट कमी करणारा रेझिस्टर सोबत लागणारी. 12 व्होल्टवर पहिली 4 अँपिअर ओढते, दुसरी थेट जोडली तर 8, आणि तेवढा करंट सोसणारं मॉड्यूल नसेल तर ते तापून मरतं. बॅलास्ट असेल तर मॉड्यूलची लाल वायर बहुतेक किटमध्ये बॅलास्टच्या आधी, पूर्ण 12 व्होल्ट मिळतील अशी लागते, कॉइलच्या प्लसवर नाही. तरी किटचा कागद वाचाच, प्रत्येकाचं गणित वेगळं.

टोपण काढून रोटर धरा आणि आडवा हलवून बघा. शाफ्ट लडबडतोय? मग बुश गेलेत, आधी ते करा, नाहीतर टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नाचत राहील आणि शिव्या किटला बसतील. आत बेसप्लेटला एक छोटी अर्थिंगची वायर असते, खाऱ्या हवेने ती हिरवी पडते, तिकडे कोणी बघतच नाही.

तांब्याच्या प्लग वायरी बऱ्याच मॉड्यूलना चालत नाहीत, कार्बनच्या घ्या. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसू नका, कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापतात. आणि किट बसवल्यावर टायमिंग लाईटने टायमिंग पुन्हा लावायचंच, कानाने नाही.

जुने पॉइंट, कंडेन्सर आणि स्क्रू मात्र डिकीत असू द्या. कशेडी घाटात रात्री मॉड्यूल मेलं तर तिथे ते रिपेअर होत नाही, पॉइंट मात्र स्क्रू ड्रायव्हरने बसतात. फक्त ते लावताना किटच्या वायरी कॉइलवरून काढून टाका.