टाइलला आणि दगडाला भोक पाडताना कोणती पद्धत कुठे वापरावी

कोल्हापुरातील अनेक जुन्या घरांचे जोते काळ्या दगडाचे, भिंती विटांच्या आणि न्हाणीघरातील टाइल अलीकडे बसवलेल्या असतात. या तिन्हींना ड्रिल मशिनच्या एकाच बिटने आणि एकाच जोराने भोक पाडायला जाणारा माणूस टाइल फोडल्याशिवाय राहत नाही.

दगडाचे काम त्यातल्या त्यात सोपे आहे. अंबाबाईच्या देवळाचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, कठीण असला तरी ठोका सोसतो. त्याला रोटरी हॅमर, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारे ड्रिल, आणि टंगस्टन कार्बाइडच्या टोकाचे बिट वापरावे. छिन्नीने भोक पडते, परंतु ते गोल येत नाही आणि प्लग, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी भोकातली नळी, सैल बसतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर नळासाठी ३५ मिलिमीटरचे भोक हवे असेल, तर मात्र ठोका पूर्ण बंद ठेवून डायमंड होल सॉ, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या कडेचे मोठे पोकळ बिट, पाण्यासह चालवावा.

खरी परीक्षा टाइलची असते. साध्या सिरॅमिक टाइलला भाल्याच्या पात्यासारखे टोक असलेले कार्बाइड बिट पुरते. व्हिट्रिफाइड टाइल फार घट्ट भाजलेली असते, जेमतेम अर्धा टक्का पाणी शोषते, आणि तिच्यावर ते बिट नुसते तापून बोथट होते. तिथे पोकळ डायमंड बिटच घ्यावे. त्यावर पैसे वाचवू नयेत.

भोकाच्या जागी आधी खिळ्याने टिचकी मारावी, हा सल्ला आजही सर्रास दिला जातो आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे. मीही तो एकदा मानला होता. एका हलक्या ठोक्यात केसासारखी चीर थेट कोपऱ्यापर्यंत गेली. त्या छटेची टाइल नंतर बाजारात मिळाली नाही, त्यामुळे आमच्या न्हाणीघरात ती एक टाइल आजही वेगळ्या रंगाची आहे. चिकटपट्टी लावली की बिट घसरत नाही, असेही सांगतात. कार्बाइडच्या टोकाला तिचा थोडा आधार होतो, डायमंड बिटला मात्र मधले टोकच नसते, त्यामुळे ते सरळ टेकवताच चकाकीवरून सरकते आणि ओरखडा कायमचा राहतो. म्हणून प्लायवूडच्या तुकड्याला त्याच मापाचे भोक पाडून तो टाइलवर घट्ट दाबून धरावा आणि त्यातून बिट चालवावे. हात बसल्यावर दुसरी रीत वापरता येते: बिट तिरके धरून आधी चंद्रकोरीएवढी खाच पाडावी आणि फिरत्या बिटला हळूहळू सरळ करत वर्तुळ पूर्ण करावे.

वर्तुळ उमटल्यावर प्लायवूड काढावे आणि दुसऱ्या माणसाने मशिनची मोटर न भिजवता बिटच्या कडेला पाणी फवारत राहावे. दुधासारखा पांढरा ओघळ वाहतो आहे तोवर सर्व ठीक आहे; कोरडी पूड दिसू लागली की बिट तापले, लगेच थांबावे. जोर लावू नये. आवाज बदलून बिट एकदम पुढे सरकले, की टाइलची जाडी पार झाली असे समजावे. त्यापुढे मेसनरी बिट, म्हणजे भिंतीला भोक पाडायचे बिट, घ्यावे; मागे वीट असेल तर ठोका लावूच नये.

टाइल वाचावी म्हणून दोन टाइलमधल्या सांध्यात भोक पाडणे मला मान्य नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या सांध्यात आठ मिलिमीटरचे बिट दोन्ही टाइलच्या कडा उडवते. प्लगही टाइलच्या जाडीत न ठेवता पूर्ण मागच्या भिंतीत ढकलावा, कारण स्क्रू आवळताना तो फुगतो आणि ताण थेट टाइलवर येतो.