'बंद आहे' असं कुणी सांगितलं?

दहावीनंतर इलेक्ट्रिकल घ्यावं का, असं गावाकडची पोरं विचारतात. घ्या. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कारखान्यांत मेंटेनन्सला माणूस कायम लागतो, आणि परळीचं औष्णिक वीज केंद्रही आपल्याच मराठवाड्यात आहे. वाटा तीन: आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, तीन वर्षांचा डिप्लोमा, नाहीतर बारावीनंतर डिग्री. आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या आणि डिप्लोमावाल्याला डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मी डिप्लोमा करून डिग्रीला गेलो. अशा पोरांना गणित जड जातं, पण पॅनलपुढे त्यांचा हात अडखळत नाही.

कॉलेजात करंट म्हणजे उत्तरपत्रिकेतला आकडा असतो. कारखान्यात सेफ्टी ट्रेनिंग म्हणजे बऱ्याच ठिकाणी अर्धा दिवस स्लाइड आणि शेवटी रजिस्टरवर सही. खरं शिक्षण जुन्या वायरमनकडे मिळतं. आमच्या वर्कशॉपमधल्या अशाच एका मामांना मी फीडरबद्दल, म्हणजे पुरवठा आणणाऱ्या लाइनीबद्दल, विचारलं होतं, "मामा, फीडर बंद केलाय ना?" ते म्हणाले, "केलाय की. पण तू बघितलास का?"

बघायचं म्हणजे काय, तर आधी आयसोलेटर, म्हणजे लाइन पुरवठ्यापासून वेगळी करणारा स्विच, ओढायचा, त्यावर आपलं कुलूप आणि नावाचा टॅग लावायचा. किल्ली खिशात ठेवायची, दुसऱ्याला द्यायची नाही. मग टेस्टर आधी चालू लाइनवर लावून तो ठीक आहे याची खात्री करायची, नंतर काम करायच्या जागी तिन्ही फेज आणि न्यूट्रल तपासायचे, आणि परत चालू लाइनवर लावायचा. हे शेवटचं पाऊल सगळे गाळतात. मधल्या वेळात टेस्टरच गेला असेल तर मेलेला टेस्टर चालू लाइनलाही 'बंद' म्हणतो. मोठ्या लाइनवर त्यापुढे तारा एकमेकींना जोडून (शॉर्ट करून) जमिनीलाही जोडायच्या (अर्थ करायच्या). कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारा भाग, असलेल्या पॅनलमध्ये स्विच बंद केल्यावरही चार्ज उरतो, तिथे थांबायचं आणि डिस्चार्ज करूनच हात लावायचा.

बंद केलेली लाइन दुसरीकडून जिवंत होऊ शकते, हे आपल्या भागात जास्त लक्षात ठेवा. गेलेल्या लाइटीत कुणीतरी जनरेटर लावतो, लाइन की जनरेटर हे बदलणारा चेंजओव्हर स्विच नीट नसतो, आणि करंट उलटा लाइनवर जातो. शेतात तर मोटारीला ऑटो स्विच असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, मग कपलिंगजवळ हात कुणाचा का असेना.

आता अर्थिंग, म्हणजे यंत्राची बॉडी जमिनीला जोडणं. माझ्या मते मराठवाड्यातल्या नवख्यानं सगळ्यात आधी हेच शिकावं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खाली कातळ, आणि कोरड्या जमिनीचा रोध वाढतो. पावसाळ्यात चांगला आकडा देणारा पिट, म्हणजे अर्थिंगचा खड्डा, मे महिन्यात हात वर करतो. समजा शेडच्या पिटाचा रोध 20 ओहम आहे आणि परतीचा रस्ता जमिनीतूनच आहे. फेज मोटारीच्या बॉडीला लागला तर 230 भागिले 20, म्हणजे फार तर 11.5 अँपिअर करंट जाईल. 16 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच, त्याला ट्रिप होणारच नाही, आणि बॉडी जिवंत राहील. अशा ठिकाणी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळला की पुरवठा तोडणारा स्विच, लागतोच. त्याला खर्च नको म्हणणारे भेटतील, त्यांना हा भागाकार करून दाखवा.

पिटाची मोजणी उन्हाळ्यातच करायला शिका. ऑडिटच्या आदल्या दिवशी पिटात बादल्या ओतणारे मी पाहिलेत. कागदावरचा आकडा सुधारतो, जमीन आहे तशीच राहते.

बाकी लवकर सांगतो. हातातलं कडं आणि गळ्यातली चेन घरी. कपडे सुती. मोठा ब्रेकर टाकताना पॅनलच्या समोर नव्हे, बाजूला उभं राहायचं. कुणाला शॉक लागला तर धरून ओढायचं नाही. आधी पुरवठा तोडायचा, मग 108 ला फोन आणि श्वास नसेल तर सीपीआर. सीपीआर पुतळ्यावर दाबून शिका, व्हिडिओ बघून येत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023 चे सुरक्षा विनियम एकदा वाचा, भाषा रटाळ आहे पण साइटवरच्या वादात कामाला येतात.

अप्रेंटिसशिपला जाताना स्टायपेंड जरूर विचारा. त्याच बैठकीत हेही विचारा: इथे परमिट, म्हणजे लाइनवर काम करायची परवानगी, कोण देतं, आणि मला माझं वेगळं कुलूप मिळेल का?