खेळाडूचा कोच होताना: मुंबईतल्या नव्या मुलांसाठी

मुंबईत फुटबॉलवर पोट भरायचं तर पूर्वी रस्ता ठरलेला असे. शाळेकडून चमकायचं, कुणाच्या तरी नजरेत भरायचं आणि बँक, रेल्वे नाहीतर एअर इंडियाच्या टीममध्ये चिकटायचं. मी खेळायला लागलो तोवर ऑफिसांच्या भरत्या आटत आल्या होत्या. मला मिळालं ते कंत्राट. आमच्यातले बरेच जण पुढे कोचिंगकडे वळले. आता मैदानावर मुलं विचारतात, "सर, मोठा प्लेअर नसलो तर कोच होता येतं का?"

येतं. पण खालिद जमील यांची कारकीर्द नीट बघा. मुंबईत महिंद्रा, एअर इंडिया, मुंबई एफसी अशा टीमकडून ते खेळले, भारताकडूनही खेळले. दुखापतींनी खेळ लवकर संपवला आणि 2009 मध्ये, बत्तिशीच्या आसपास, ते मुंबई एफसीचे कोच झाले. पैसा बेताचा, स्टार खेळाडू नाहीत, मुंबईतल्या कूपरेज मैदानाचं काम चालू असताना काही मोसम 'घरच्या' मॅचेस पुण्याला बालेवाडीत. अशी टीम त्यांनी 2016 पर्यंत आय-लीगमध्ये, म्हणजे देशभरातल्या क्लबांच्या स्पर्धेत, टिकवली. ते गेल्यावर पुढच्याच मोसमात ती आय-लीगमधून खाली घसरली, आणि त्याच मोसमात ते मिझोरमच्या ऐझॉल क्लबला घेऊन चॅम्पियन झाले! सगळे त्या चषकाचे फोटो बघतात. मला विचाराल तर कोच घडला तो आधीच्या सात वर्षांत.

ऑगस्ट 2025 मध्ये ते भारताचे मुख्य कोच झाले. 2012 नंतर पहिल्यांदाच भारतीय माणूस त्या जागी बसला. सुरुवातीलाच ताजिकिस्तानला त्यांच्या देशात 2-1 हरवलं, ओमानला पेनल्टीवर नमवलं. पण ऑक्टोबरात गोव्यात सिंगापूरकडून 1-2 हरलो आणि आशियाई चषकाचं दार बंद झालं. या नोकरीत कौतुक आणि शिव्या एकाच पगारात येतात. शिवाय क्लबच्या कोचला खेळाडू रोज मिळतात. देशाच्या कोचला थोड्या दिवसांच्या शिबिरात, वेगवेगळ्या क्लबांच्या सवयी घेऊन आलेले. त्यामुळे थोडक्यात, नेमकं सांगता आलं पाहिजे. आणि ही सवय खालच्या पायरीपासूनच लावावी लागते.

पायऱ्या म्हणजे लायसन्स: डी, मग एएफसीची (आशियाई फुटबॉल महासंघाची) सी, बी, ए आणि शेवटी प्रो. मुंबईतल्या मुलांनी 'विफा'च्या, म्हणजे महाराष्ट्राच्या फुटबॉल संघटनेच्या, कोर्सेसवर लक्ष ठेवावं. परीक्षेत एक विषय देतात, समजा 'मागून बॉल खेळवत पुढे आणणं'. कागदावर आखणी करायची आणि मैदानावर बरोबरच्या उमेदवारांकडूनच करून घ्यायची. चांगले खेळलेले नेमके इथे अडतात. राइट-बॅक (उजवीकडचा बचावपटू) चुकीच्या जागी उभा दिसला की ते स्वतःच बॉल घेऊन सुंदर पास देऊन दाखवतात. इन्स्ट्रक्टर वहीत काहीतरी खरडतो. त्याला हवं असतं ते वेगळंच: शिटी मारा, सगळ्यांना जागच्या जागी थांबवा, त्या मुलाला विचारा "तुला आत्ता कोण कोण दिसतंय?", त्याला चार पावलं बाहेर, लाइनकडे सरकवा आणि खेळ पुन्हा सुरू करा. सगळं मिळून अर्धा मिनिट. त्याहून जास्त बोललात तर पोरं बुटाच्या नाड्या बांधायला लागतात.

पैशांचं सांगायचं तर पहिली वर्षं ओढाताणीची. सकाळी शाळा, संध्याकाळी टर्फवरची (कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावरची) अकॅडमी, मधे लोकलचा प्रवास. टर्फवर पाच-पाच जणांचा खेळ शिकवून पैसे बरे सुटतात, पण तेवढ्यावर राहू नका. अकरा जणांच्या मैदानाची नजर तिथे तयार होत नाही. पगार थोडा कमी चालेल, पण पूर्ण मैदानावर मॅच खेळणारी टीम हातात हवी.

खेळणं सुटायची वाटही बघू नका. पाय चालतायत तोवरच क्लबच्या तेरा वर्षांखालच्या मुलांचा सराव मागून घ्या. शाळांच्या मॅचेस पावसाळ्यात आझाद मैदानावर सुरू होतात, आणि पीटीच्या सरांना कोचची गरज आठवते ती शाळा उघडता उघडता. तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात जाऊन भेटा. डी लायसन्सची झेरॉक्स आणि स्वतःची शिटी बरोबर ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी "चला, आत्ताच घेऊन दाखवा" म्हणतात.