हार्डवेअरच्या भरवशाविषयी वाद घालताना या चुका टाळा

नागपूरच्या सीताबर्डीतल्या दुकानात कोटेशन घेताना असो किंवा कॉलेजच्या वसतिगृहात रात्री रंगलेल्या चर्चेत असो, संगणकाच्या भागांविषयीचा वाद बहुतेक वेळा कंपनीच्या नावापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. "इंटेलच घ्या", "सीगेटच्या नादी लागू नका", "एएमडी तापतो" अशी विधाने ठामपणे केली जातात आणि त्यांच्या भरवशावर एखाद्या घरातले चाळीस-पन्नास हजार रुपये खर्च होतात; म्हणून बोलण्याआधी ती तपासून घेण्याची जबाबदारी सल्ला देणाऱ्यावर असते. भरवसा ठेवायचा तो नेमक्या मॉडेलवर, त्याच्या आपल्या हातात आलेल्या आवृत्तीवर आणि आपल्या खोलीतल्या परिस्थितीत तो कसा चालतो यावर.

एका प्रकरणावरून कंपनी निकालात काढू नका

२०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसरांविषयी अस्थिरतेच्या तक्रारी वाढल्या. प्रमाणाबाहेरचे व्होल्टेज हे कारण कंपनीने मान्य केले, मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांचे) अपडेट दिले आणि बाधित मॉडेलांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. त्याच्या आदल्या वर्षी एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील काही एक्स-थ्रीडी प्रोसेसर मदरबोर्डवरच जळाले होते आणि नव्या बायोसमधून (मदरबोर्डवरच्या, संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधून) एसओसी व्होल्टेजला, म्हणजे प्रोसेसरमधील मेमरी नियंत्रकासारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजला, १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली. म्हणजे दोन्ही बाजूंच्या समर्थकांकडे दाखवायला उदाहरण आहे, पण घेणाऱ्याच्या उपयोगाचा प्रश्न वेगळाच आहे: दोन्ही उपाय बायोसमधूनच येतात, मग मदरबोर्डवरचा बायोस कोणत्या तारखेचा आहे? इंटेलच्या बाबतीत तर अपडेट पुढील हानी टाळते, आधी झालेली हानी भरून काढत नाही. त्यामुळे त्या पिढीचा वापरलेला आय-सेव्हन किंवा आय-नाइन स्वस्तात मिळत असेल, तर आधीचा मालक तो कोणत्या बायोसवर चालवत होता हे विचारल्याशिवाय व्यवहार करू नये.

आकडा वाचता येत नसेल तर पुरावा म्हणून मांडू नका

हार्ड डिस्कच्या वादात सर्वाधिक अन्याय इथेच होतो. डिस्कची प्रकृती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो उघडायचे, सीगेटच्या डिस्कसमोर ०१ क्रमांकाच्या 'रीड एरर रेट'पुढे दिसणारी लांबलचक संख्या पाहायची आणि डिस्क मरणपंथाला लागली असे जाहीर करायचे, हा प्रकार नेहमीचा आहे. सीगेट त्या रकान्यात एकूण वाचनांची संख्या आणि त्रुटींची संख्या एकत्र साठवते, शिवाय हे सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये ती संख्या हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) दाखवते. म्हणून पूर्ण निरोगी डिस्कवरही तो आकडा प्रचंडच असतो. पाहायचे ते ०५, सी५ आणि सी६ हे रकाने: बदललेले, प्रलंबित आणि दुरुस्त न होणारे सेक्टर (डिस्कवर माहिती साठवण्याचे छोटे कप्पे). हे आकडे शून्यावरून वाढू लागले, तर त्याच दिवशी बॅकअप घ्यावा. सी७ (माहितीची ने-आण होताना झालेल्या चुका) वाढत असेल तर बहुधा डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल सैल किंवा खराब असते, आणि साध्या केबलपायी चांगली डिस्क भंगारात गेल्याची उदाहरणे दुरुस्ती करणारा कोणीही सांगेल.

बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्या डेटा सेंटरमधील डिस्कच्या बिघाडाची आकडेवारी मॉडेलनिहाय प्रसिद्ध करते. तिच्या नोंदींत सीगेटचे एसटी३०००डीएम००१ हे ३ टीबीचे मॉडेल फार वाईट ठरले, पण त्याच कंपनीच्या इतर काही मॉडेलांनी चांगली साथ दिली. तिथल्या डिस्क चोवीस तास चालतात, घरातली दिवसातून चार वेळा बंद-चालू होते, हा फरकही लक्षात ठेवावा.

नाव तेच राहून आतला माल बदलतो, हे तर अनेकांच्या ध्यानीमनीही नसते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतील काही डिस्कमध्ये एसएमआर (माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर चढवणारे, लिहिताना मंदावणारे) तंत्र वापरल्याचे ग्राहकांना आधी सांगितले नव्हते हे उघड झाले; २०२१ मध्ये क्रूशियलच्या पी२ एसएसडीत एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या टीएलसीऐवजी चार बिट साठवणाऱ्या क्यूएलसी चिप आल्या आणि तिचा वेग घसरला. जुना रिव्ह्यू दाखवून आजची वस्तू चांगली ठरवणे म्हणूनच धोक्याचे आहे.

नागपूरचा मे महिना हिशेबातून वगळू नका

बहुतेक रिव्ह्यू वातानुकूलित खोलीत होतात. समजा, तिथे खोलीचे तापमान २२ अंश आणि भाराखाली प्रोसेसरचे ७८ अंश होते. नवतप्यात आपल्या खोलीत दुपारी ३८ अंश असतील, तर तोच कूलर आणि तोच भार असताना प्रोसेसर ९४ अंशांच्या आसपास जाईल, कारण खोलीतली वाढ जवळजवळ तशीच्या तशी प्रोसेसरवर येते. आता हा दोष कोणाचा? कंपनीचा नक्कीच नाही. एसएमपीएसवरील (संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावरील) '८० प्लस गोल्ड' या चिन्हाचेही तसेच आहे: ती चाचणी २३ अंशांवर होते आणि ती मुख्यतः कार्यक्षमता मोजते. आतल्या कपॅसिटरांचा दर्जा त्यातून कळत नाही. तो एसएमपीएस पूर्ण भार ४० अंशांपर्यंत पेलतो की ५० अंशांपर्यंत, हे कंपनीच्या तपशिलात शोधावे. माझ्या मते नागपुरात ग्राफिक्स कार्डावर चार पैसे कमी खर्चावेत, पण ५० अंशांचा एसएमपीएस घ्यावा.

वाळ्याच्या ताट्यांचा कूलर थेट कॅबिनेटवर सोडणे ही आपल्याकडची खास चूक आहे. ओलसर हवेत धूळ पंख्याच्या पात्यांना आणि हीटसिंकच्या फटींना चिकटून बसते, आणि कूलर शिंतोडे उडवत असेल तर पाण्यातल्या क्षारांचा पांढरट थरही जमतो. उन्हाळ्याआधी एकदा ब्लोअरने सफाई करून घ्यावी.

सेन्सरवरही आंधळा विश्वास नको. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर तो सेन्सरमधील बिघाड असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. मदरबोर्डवरच्या ज्या सेन्सरला काही जोडलेलेच नाही, तोही असेच अशक्य आकडे दाखवतो.

संगणक अचानक रीस्टार्ट होत असेल तर

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घटनांच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' दिसले की एसएमपीएस गेला असे समजू नका. संगणक नीट बंद न होता थांबला, एवढेच ती नोंद सांगते; कारण सांगत नाही. तिथेच 'व्हिया-लॉगर'च्या (हार्डवेअरच्या त्रुटींच्या) नोंदी असतील तर रोख प्रोसेसर, मेमरी किंवा मदरबोर्डकडे वळवावा. आधी बायोसमधील एक्सएमपी बंद करून दोन दिवस वापरून पाहावे, कारण एक्सएमपी म्हणजे अधिकृत वेगापलीकडे चालवलेली रॅम असते. मग रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर लावावे. त्यातही काही निघाले नाही, तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि शेवटी ओळखीच्या कोणाचा चांगला चालणारा एसएमपीएस लावून पाहावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. रॅम, केबल आणि एसएमपीएस एकदम बदलले तर बिघाड जाईल, पण दोषी कोण हे कळणार नाही आणि पुढच्याला दिलेला सल्ला पुन्हा अंदाजावरच उभा राहील.

वॉरंटीबाबत दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावेत: बिलावर सिरियल नंबर लिहून मिळेल का, आणि बिघडलेला भाग नागपुरातच स्वीकारला जाईल की स्वखर्चाने कुरियर करावा लागेल.