रविवारच्या खेळाआधी: हाताने काढलेल्या नकाशाची तयारी

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका-खेळात एक जण कल्पित जग सांगतो आणि बाकीचे पात्रं होऊन त्यात वाट काढतात. त्या जगाचा नकाशा काढणाऱ्यासाठी हे लिहिते आहे. पेन्सिल उचलण्याआधी वहीत एवढंच लिहून ठेवा: येत्या रविवारी खेळाडूंना कुठे कुठे निवड करावी लागणार आहे? नदी ओलांडायची की काठाकाठाने जायचं, दिंडीदरवाजातून शिरायचं की मोरीतून. ज्या जागी अशी निवड आहे ती जागा नकाशावर बारकाईने हवी. बाकीचा मुलूख कोरा राहू द्या. पुढच्या सहा महिन्यांचा खेळ त्याच कोऱ्या जागेत मावणार असतो.

मग कागद. १९७४ साली अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पहिल्या पुस्तिका निघाल्या, तेव्हा लागणाऱ्या साहित्याच्या यादीत फाशांबरोबर ग्राफ पेपर होताच, आणि इंचाला सहा रेघांचा उत्तम अशी शिफारसही होती. आपल्या स्टेशनरीच्या दुकानात मागितला की शाळेचा मिलिमीटरचा आलेख कागद हातात पडतो. त्या दाट जाळीत भिंती हरवून जातात. गणिताची चौकटीची वही बरी, पण पान पातळ असतं आणि शाई मागे उतरते. म्हणून मी पाच मिलिमीटरच्या चौकोनांची फिकट निळी जाळी जाडसर ए४ कागदावर स्वतःच छापून घेते. आडव्या पानावर समास सोडून पन्नास बाय पस्तीस चौकोन बसतात आणि एका बैठकीत खेळायच्या भुयाराला, म्हणजे जमिनीखालच्या खोल्या-बोळांच्या जागेला, ते पुरून उरतात. पावसाळ्यात हे कागद बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. दमट कागदावर शाई पसरते. पेनं दोन पुरतात, भिंतींसाठी साधारण अर्ध्या मिलिमीटरचं आणि आतल्या बारकाव्यांसाठी ०.२ चं. शाई पाण्याने न फुटणारी हवी, कारण खेळाच्या टेबलावर चहाचे कप असणारच.

प्रमाण आधी ठरवा आणि कोपऱ्यात लगेच लिहा. जुन्या पद्धतीच्या भुयारात एक चौकोन म्हणजे दहा फूट, हल्लीच्या लढाईच्या नकाशात पाच फूट. हे राहून गेलं की ऐन लढाईत बाण कुठवर पोचतो यावर वाद होतो. मुलखाच्या नकाशाला चौकोनांऐवजी षटकोनांची जाळी बरी. सहा मैल रुंदीचा षटकोन रूढ आहे आणि त्यामागे हिशेब आहे. सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज सुमारे तीन मैलांवर दिसतं, म्हणजे षटकोनाच्या मध्यभागी उभं राहिलं की त्याच्या कडेपर्यंत दिसतं. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत साध्या चालीने दिवसाला चोवीस मैल होतात, म्हणजे बरोबर चार षटकोन. मी टेबलावर तेच अंतर कोसात सांगते. दोन मैलांचा कोस धरला की एक षटकोन तीन कोसांचा. ‘वाडी तीन कोसांवर आहे’ म्हटलं की खेळाडू मनातल्या मनात चालायला लागतात.

मुलूख काढताना डोंगर आधी, पाणी मग, वाटा त्यानंतर आणि गावं सगळ्यात शेवटी. या क्रमावर मी हट्टी आहे. बहुतेक नवे नकाशे नदीपाशी बिघडतात. एक नदी मध्येच दुभंगून दोन समुद्रांना मिळते, नाहीतर एका तळ्यातून तीन नद्या निघतात. खऱ्या नद्या उतरणीवर एकमेकींना मिळत जातात. त्या फुटतात त्या बहुधा मुखाशी, त्रिभुज प्रदेशात. समुद्र जवळ आहे म्हणून नदी तिकडेच वळेल असंही धरू नका. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ऐंशी किलोमीटरवर, पण मध्ये सह्याद्री उभा आहे, म्हणून ती साडेचौदाशे किलोमीटर पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तुमच्या नकाशावर असा एक डोंगर काढला की त्याची वाऱ्याकडची बाजू हिरवी होते, पाठीमागचा मुलूख कोरडा पडतो आणि निम्मा नकाशा स्वतःच स्वतःला भरत जातो.

वाटांसाठी तर नाणेघाटच समोर ठेवा. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरचा माल घाटमाथ्यावर जुन्नरला न्यायचा तर तिथून चढावं लागे. म्हणून सातवाहनांचं लेणं तिथे आहे, माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे, आणि आसपास जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी असे किल्ले आहेत. एका खिंडीतून एवढं सगळं उगवलं. तेव्हा आपल्या डोंगररांगेत खिंड कुठे आहे ते आधी ठरवा. नाक्यावर कोण बसलंय, पैसे कोण घेतंय आणि चोरवाट कोणाला ठाऊक आहे, हे त्यापाठोपाठ सुचतंच.

भुयाराची तपासणी एकच, पण ती टाळू नका. दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत बोट फिरवा. बोटाला एकच वाट सापडली तर निदान दोन ठिकाणी वळसा जोडा, आणि आत शिरायला दुसरं तोंड द्या. या खेळासाठी भुयारं रचणाऱ्या जेनेल जॅक्वेज यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस काढलेली भुयारं अजून आवडीने अभ्यासली जातात ती याचसाठी: मजले एकमेकांना अनेक जागी जोडलेले, आत यायच्या वाटा अनेक. वळसा असला की खेळाडू मागून येऊ शकतात. राक्षसही येऊ शकतो.

नावं आणि आकडे घालताना आपल्या लिपीची काळजी वेगळी घ्यावी लागते. देवनागरीची शिरोरेषा भिंतीच्या रेघेला चिकटली की भिंत कुठली आणि अक्षर कुठलं ते कळत नाही, म्हणून भिंतीखाली एक चौकोन मोकळा सोडून लिहा. मात्रा-वेलांट्यांना उंची लागते. एका चौकोनात नाव कोंबण्यापेक्षा खोलीला आकडा द्या आणि नाव बाजूच्या यादीत लिहा. आकडे कुठले हेही पक्कं करा. मराठी न वाचणाऱ्याला आपला १ इंग्रजी नऊसारखा आणि ४ इंग्रजी आठसारखा दिसतो, त्यामुळे नकाशा बाहेर जाणार असेल तर मी इंग्रजी आकडे घालते.

आता दोन प्रती: एक तुमची आणि एक खेळाडूंची. इथे मी एकदा चुकले आहे. खेळाडूंच्या प्रतीवरचा गुप्त दरवाजा मी नुसता खोडरबराने पुसला होता. पेन्सिलीचा दाब कागदावर राहिला, फोनच्या फोटोत तिरक्या उजेडात तो उमटला, आणि तीन आठवडे जपलेलं रहस्य पहिल्या दहा मिनिटांत गेलं. तेव्हापासून आधी खेळाडूंची प्रत काढून स्कॅन करते आणि त्यानंतरच गुप्त गोष्टी मूळ कागदावर चढवते.

फोनच्या फोटोपेक्षा सपाट स्कॅनर कितीतरी बरा. फोटोत कडा वाकतात आणि इंटरनेटवर खेळताना पडद्यावरच्या टेबलाची जाळी मग त्यावर बसत नाही. ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके, रंगीत स्कॅन करा. जाळी घालवायची युक्ती सोपी आहे: रेघा ज्या रंगाच्या, त्याच रंगाचा चॅनेल ठेवायचा (रंगीत चित्र लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचं असतं, एकेक थर म्हणजे चॅनेल). फिकट निळ्या रेघा निळ्या चॅनेलमध्ये जवळजवळ पांढऱ्या होतात आणि काळी शाई काळीच राहते. गिंप या चित्र-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये हे फुकट होतं. मग चित्र नेमक्या चौकोनांवर कापा आणि मापात आणा. रोल२० या ऑनलाइन खेळाच्या संकेतस्थळावर एका चौकोनाला सत्तर पिक्सेल धरतात, म्हणजे तीस बाय वीस चौकोनांचा नकाशा २१०० बाय १४०० चा.

इतरांना द्यायचा असेल तर परवाना त्याच चित्रावर लिहा, कारण फाइल हातोहात फिरते आणि सोबतची चिठ्ठी मागे राहते. क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार खुल्या परवान्यांपैकी श्रेय-परवाना दिला तर तुमचं नाव देऊन कोणीही वापरेल, अगदी विकण्याच्या पुस्तकातसुद्धा. ते नको असेल तर बिगर-व्यावसायिक अट जोडा. मी पहिला देते. माझं भुयार दूरच्या कोणाच्या टेबलावर उघडलं जावं, यातच मला आनंद आहे. दुसऱ्याच्या नकाशावरून चिन्हं उचलली असतील तर विचारून घ्या आणि त्याचंही नाव लिहा. आकड्यांची प्रत, बिनआकड्यांची प्रत आणि जाळीविना प्रत अशा तीन फाइली द्या, आणि खोल्या रिकाम्या ठेवा. राक्षस कुठे बसवायचे ते घेणारा ठरवेल.