इलेक्ट्रिक पार्किंग लॉकच्या पेटंट अर्जावर एफईआर (पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल) आला, आता उत्तर कसं द्यायचं?

पहिलं म्हणजे घाबरू नका, एफईआरमध्ये आक्षेप येतातच. तारीख बघा, उत्तराला ६ महिने असतात, फॉर्म ४ (मुदतवाढीचा अर्ज) भरून अजून ३ मिळतात, पण शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

मग एक्झामिनरने (अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने) दाखवलेली जुनी पेटंटं नीट वाचा, नुसती अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाही तर ड्रॉइंगसकट. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरच्या दातेरी चाकात पॉल (अडकवायचा खटका) अडकवून उभी गाडी जागेवर धरून ठेवणं जुनंच आहे, आणि तो पॉल केबलऐवजी मोटरने ढकलला एवढंच तुमच्या क्लेममध्ये (ज्यावर हक्क मागता त्या मुद्द्यात) असेल तर इन्व्हेंटिव्ह स्टेपवर, म्हणजे जाणकाराला सहज न सुचणारं काही आहे का यावर अडकणार, शिवाय पेटंट कायद्याचं कलम ३(एफ), म्हणजे माहितीतल्याच वस्तूंची नुसती नवी मांडणी, हेही लागू शकतं. तुमचं वेगळेपण कुठे आहे ते शोधा. बॅटरी गेली तर लॉक कसा सुटतो? चढावर दात एकमेकांवर आले तर स्प्रिंग काय करते? ते क्लेम १ मध्ये घ्या, पण मूळ स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जासोबत दिलेल्या शोधाच्या वर्णनात) असेल तरच, नवीन काही घुसवलं तर कलम ५९ आडवं येतं.

स्वतः शोधायचं असेल तर एस्पेसनेटवर (पेटंटं शोधायची फुकट साइट) एफ१६एच ६३/३४ आणि बी६०टी १/०६ हे दोन्ही क्लास (पेटंटांचे विषयवार गट) चाळा, एकातच बघून मोकळं होऊ नका.