इंदूरहून उझबेकिस्तानला जायचंय? मग सगळा प्लॅन अफ्रोसियोब रेल्वेच्या तिकिटाभोवती बांधा

हल्ली आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींमध्ये कुणी ना कुणी विचारतंच, दुबई झाली सिंगापूर झालं आता जरा वेगळं कुठे जाऊ, समरकंदचं ऐकलंय पण जमेल का, बरोबर आई-बाबा आहेत, शाकाहारी आहेत, वगैरे वगैरे. जमतं. अगदी छान जमतं, आणि पॅकेज न घेता स्वतःचं स्वतः जमतं, फक्त कामं योग्य क्रमाने केली पाहिजेत, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी देश कुठला ते. मध्य आशियात पाच देश आहेत आणि नकाशावर शेजारी शेजारी दिसतात म्हणून लोक एका फेरीत तीन-तीन करायला बघतात, तसं अजिबात करू नका. कझाकस्तानला भारतीय पासपोर्टवर 14 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही त्यामुळे अल्माटी सोपं पडतं, डोंगर आणि बर्फ बघायचा असेल तर तिकडे जा. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान म्हणजे डोंगर, तलाव आणि लांब लांब गाडीचे प्रवास, तरुण मंडळींसाठी बढिया. तुर्कमेनिस्तानला निमंत्रणपत्राची भानगड असते, पहिल्या वेळी नकोच. पण जुनी शहरं, घुमट, बाजार, चालत फिरता येईल असं काही, आणि सोबत साठीच्या पुढचे काका-काकू असतील तर माझं मत पक्कं आहे, उझबेकिस्तान आणि फक्त उझबेकिस्तान.

कधी जायचं? एप्रिल-मे किंवा सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा ते ऑक्टोबर. आपण माळव्यातले लोक, दिवसभर कितीही तापलं तरी रात्री गार वारा सुटतो अशी आपल्याला सवय, पण बुखारा किझिलकुम वाळवंटाच्या काठावर आहे आणि 25 जून ते 5 ऑगस्ट हा तिथला सगळ्यात कडक उन्हाळा, त्याला ते लोक चिल्ला म्हणतात, पारा सहज 40 च्या वर जातो, त्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना घेऊन उघड्या चौकांमधून फिरवणं म्हणजे शिक्षाच. हिवाळ्यात शून्याच्या खाली जातं. मुलांच्या सुट्ट्या बघायच्या तर मेचा पहिला आठवडा किंवा दिवाळीच्या आसपासचा ऑक्टोबर धरा. 21 मार्चला नवरोज असतो, मजा असते पण तेव्हा त्यांचे स्वतःचेच लोक प्रवासाला निघालेले असतात, तिकिटं मिळणं अवघड.

आता मुख्य मुद्दा. ताश्कंद, समरकंद आणि बुखारा ही तीन शहरं एका वेगवान रेल्वेने जोडलेली आहेत, तिचं नाव अफ्रोसियोब. गाडी स्पॅनिश बनावटीची, ताल्गो कंपनीची, 2011 पासून धावतेय, ताशी 250 किलोमीटरपर्यंत जाते आणि ताश्कंद ते समरकंद साधारण सव्वादोन तासांत पोचवते. अडचण एकच, जागा कमी आणि गिऱ्हाईक जास्त. सीझनमध्ये तिकिटं उघडली की बघता बघता संपतात. बुकिंग साधारण महिना-दीड महिना आधी उघडतं, त्यामुळे विमानाची तारीख ठरली की लगेच कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि ज्या दिवशी उघडेल त्याच दिवशी उझबेकिस्तान रेल्वेच्या साइटवर किंवा अॅपवर बसा. एक कार्ड नाही चाललं तर दुसरं हाताशी ठेवा, आणि कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार आधीच चालू करून घ्या. तिकीट हातात येईपर्यंत हॉटेल फक्त फुकट रद्द होणारंच बुक करायचं, हे पाळलंत तर निम्मी चिंता संपली, कारण सकाळची गाडी नाही मिळाली संध्याकाळची मिळाली तर हॉटेलची रात्र पुढेमागे सरकवता येते, उलटं करता येत नाही. अफ्रोसियोब नाहीच मिळाली तर शार्क नावाची गाडी आहे, जरा हळू पण ठीकठाक.

रेल्वेच्या दोन गोष्टी अजून. ताश्कंदमध्ये स्टेशनं दोन आहेत, उत्तरेचं आणि दक्षिणेचं, अफ्रोसियोब उत्तरेच्या स्टेशनवरून सुटते, तरी तिकिटावर बघूनच टॅक्सीला पत्ता द्या. स्टेशनात शिरतानाच पासपोर्ट आणि तिकीट बघतात, बॅगा मशीनमधून जातात, म्हणून चांगला पाऊण तास आधी पोचा. आणि बुखाऱ्याचं स्टेशन शहरात नाही, कागान नावाच्या शेजारच्या गावात आहे, जुन्या शहरापासून पंधराएक किलोमीटर. रात्री उतरणार असाल तर हॉटेलवाल्यालाच गाडी पाठवायला सांगा.

दिवस किती? आठ रात्री असतील तर ताश्कंद दोन, समरकंद तीन, बुखारा दोन आणि परतीच्या आधी पुन्हा ताश्कंद एक. खिवा फार सुंदर आहे, तटबंदीच्या आतलं अख्खं गाव, 1990 मध्ये उझबेकिस्तानातलं पहिलं जागतिक वारसास्थळ झालं ते हेच, पण ते एका टोकाला आहे, बुखाऱ्याहून साडेचारशेएक किलोमीटर. दहा-अकरा दिवस असतील तरच घ्या, आणि मग असं करा की ताश्कंदहून विमानाने उरगेंचला उतरायचं, तिथून खिवा तासाभराच्या आत, आणि मग बुखारा, समरकंद असं करत करत ताश्कंदकडे परत यायचं, म्हणजे तोच रस्ता दोनदा होत नाही.

आता इंदूरहून निघायचं कसं. आपल्याकडून थेट विमान नाही. उझबेकिस्तान एअरवेजची दिल्ली आणि मुंबईहून ताश्कंदला थेट विमानं आहेत, दिल्लीहून साधारण तीन तास. एक लक्षात ठेवा, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या कंपन्यांना हवाई हद्द बंद केली तेव्हा इंडिगोला ताश्कंद आणि अल्माटीची विमानं थांबवावी लागली होती कारण लांबचा वळसा घालून जाणं त्यांच्या विमानांच्या आवाक्यात नव्हतं, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी त्या वेळी कोण उडतंय ते ताजं बघून घ्या. इंदूर-दिल्ली वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये चांगली मोकळी वेळ ठेवा, डिसेंबर-जानेवारीत तर दिल्लीच्या धुक्याचा काहीच भरवसा नाही, सरळ आदल्या दिवशी पोचा. रेल्वेने रात्रभर जाऊन दुपारचं-रात्रीचं विमान पकडलं तरी चालतं, उलट सामान जास्त असेल तर तेच बरं.

व्हिसा सोपा आहे, ऑनलाइन ई-व्हिसा. एका वेळच्या प्रवेशाचे 20 डॉलर, 30 दिवसांपर्यंत राहता येतं, साधारण तीन कामाच्या दिवसांत येतो, पण दोन-तीन आठवडे हातात ठेवूनच भरा. सरकारी साइटवरच भरा, एजंट लोकांच्या हुबेहूब दिसणाऱ्या साइट आहेत त्या दुप्पट-तिप्पट घेतात. आपल्या मराठी नावांची एक गंमत असते, पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असतं, तर व्हिसात, विमानात आणि रेल्वेतही अक्षरन् अक्षर तसंच टाका, मावशीच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर सगळीकडे माहेरचंच. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी. नवा काढायचा असेल तर इंदूरच्या सेवा केंद्रात अपॉइंटमेंट मिळते पण पोलीस व्हेरिफिकेशनचा वेळ धरून सगळ्यात आधी हेच काम उरका.

पैसे. तिथलं चलन सोम, एका डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम मिळतात, त्यामुळे जेवणाचं बिल लाखांत आलं तरी घाबरू नका. रुपये तिकडे कुणी घेत नाही, इथूनच डॉलर घेऊन जा, आणि नोटा कोऱ्या, न मुडपलेल्या, न लिहिलेल्या मागून घ्या, मळक्या नोटा परत करतात. बदलायच्या फक्त बँकेत किंवा अधिकृत काउंटरवर. मोठ्या हॉटेलांत कार्ड चालतं, बाजारात रोखच.

औषधांचं नीट वाचा कारण हे खरंच महत्त्वाचं आहे. कोडीनवालं खोकल्याचं सिरप, ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्या, यांवर तिथे फार कडक नियम आहेत, आपल्याकडे घराघरात पडलेली असतात म्हणून तिथेही चालतील असं समजू नका. आजी-आजोबांच्या डब्यातली प्रत्येक गोळी आपल्या डॉक्टरांना दाखवा, नको ती काढून टाका, जी लागतेच तिचं इंग्रजीत लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन आणि मूळ वेष्टन सोबत ठेवा, आणि शंका असेल तर उतरल्यावर कस्टमला लेखी सांगून मोकळे व्हा. ड्रोन तर नेऊच नका, बंदी आहे.

जेवणाबद्दल खरं सांगतो. शाकाहारी माणसाला तिथे उपाशी राहावं लागत नाही, पण विचारल्याशिवाय काही खाऊही नये. पुलाव म्हणजे प्लोव, तो मांसाबरोबरच शिजतो, वरून तुकडे बाजूला काढून दिले तरी तो शाकाहारी होत नाही. सामसा दिसतो आपल्या समोशासारखा पण आत बहुतेक मटणच, भोपळ्याचाही मिळतो, विचारून घ्या. सूप मांसाच्याच पाण्यात. "गोश्तसिज" असं म्हणायचं, म्हणजे मांस नको, आणि तरी एकदा खात्री करायची. बाकी तंदूरातला गोल नान, टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, दही, भोपळ्याचं सारण भरून वाफवलेले मांती, सुका मेवा, आणि सीझनला खरबूज-द्राक्षं इतकी गोड की आई-बाबा दोन वेळा तेच मागतील. समरकंदच्या मेडिकल विद्यापीठात आपली खूप मुलं शिकतात त्यामुळे तिथे भारतीय खाणावळी आहेत, ताश्कंदमध्येही आहेत. तरी घरून तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, मेतकूट, चिवडा आणि अर्थातच एक-दोन किलो सेव घ्याच. नळाचं पाणी पिऊ नका, बाटलीचं घ्या, नाहीतर त्यांचा हिरवा चहा दिवसभर मिळतो.

ताश्कंदला लोक नुसतं उतरण्याचं ठिकाण समजतात. माझ्या मते एक पूर्ण दिवस द्या. 1966 च्या एप्रिलमधल्या भूकंपानंतर शहराचा मोठा भाग नव्याने बांधला, 1977 मध्ये मेट्रो सुरू झाली आणि तिची स्टेशनं म्हणजे एकेक महालच आहे, पूर्वी फोटोला बंदी होती, 2018 मध्ये उठली. कोस्मोनावतलार स्टेशन चुकवू नका. आणि लाल बहादुर शास्त्रीजी. 10 जानेवारी 1966 ला ताश्कंद करार झाला आणि 11 तारखेच्या पहाटे ते तिथेच वारले. त्यांच्या नावाचा रस्ता आहे, पुतळा आहे. आपल्या वडीलधाऱ्यांना ती बातमी रेडिओवर ऐकलेली आठवते, त्यांना तिथे घेऊन जा, घाई न करता.

समरकंदला तीन रात्री का म्हणतो, तर रेगिस्तान चौक एकदा दिवसा आणि एकदा दिवे लागल्यावर बघायचाच असतो. तीन मदरसे आहेत, उलुगबेगचा 1420 चा, शेरदोर आणि तिल्लाकोरी दोन्ही 17 व्या शतकातले. शाह-ए-झिंदा म्हणजे जुन्या कबरींची रांग, तिथे सकाळी लवकर जा, गर्दी नसते आणि निळ्या फरशांवर ऊन चांगलं येतं, पायऱ्या बऱ्याच आहेत तेव्हा गुडघ्यांचा विचार करा. पण आपण इंदूरवाल्यांनी सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो उलुगबेगच्या वेधशाळेला. हा तैमूरचा नातू, स्वतः राजा आणि स्वतःच खगोलशास्त्रज्ञ, त्याने हजाराहून जास्त ताऱ्यांची यादी केली, 1449 मध्ये मारला गेला, वेधशाळा मोडली, आणि 1908 मध्ये जमिनीत गाडलेला तिचा कमानीचा भाग सापडला, तोच आज बघायला मिळतो. तीनशे वर्षांनी सवाई जयसिंगाने त्याच्याच सारण्यांचा अभ्यास करून आपल्या पाच वेधशाळा उभ्या केल्या, त्यातली एक उज्जैनला, आपल्या घरापासून तासा-सव्वातासावर. म्हणून निघायच्या आधी एका रविवारी मुलांना घेऊन उज्जैनच्या वेधशाळेत जाच, दक्षिणोत्तर भित्ती यंत्र समजून घ्या, सूर्य डोक्यावरच्या रेषेत आला की त्याची उंची कशी मोजतात ते तिथल्या माणसाकडून ऐका, समरकंदची ती कमान नेमकं हेच काम करायची. हे बघून गेलेलं मूल तिथे कंटाळत नाही, उलट तेच आपल्याला समजावतं.

बुखाऱ्यात हॉटेल ल्याबी-हौझ तलावाच्या आसपासच घ्या, मग टॅक्सीच लागत नाही. 1127 चा कल्यान मिनार, दहाव्या शतकातली इस्माईल सामानीची विटांची कबर, बाजाराचे घुमट, सगळं पायी होतं. बाकी शहरांत यांडेक्स गो अॅपने टॅक्सी बोलवा, रस्त्यावरच्या गाडीशी भाव करत बसू नका. सिमकार्ड विमानतळावर पासपोर्ट दाखवून मिळतं. घड्याळ अर्धा तास मागे करा.

प्रत्येक हॉटेल तुमची नोंदणी करतं, निघताना ती चिठ्ठी मागून घ्या आणि सगळ्या चिठ्ठ्या पासपोर्टमध्ये जपून ठेवा. कुणा ओळखीच्यांकडे, शिकणाऱ्या भाच्याकडे वगैरे उतरणार असाल तर तीन दिवसांत नोंदणी करावी लागते, ते काम त्याच्यावर सोडू नका, स्वतः पाठपुरावा करा.

खरेदीत सुझनीचं भरतकाम, रिश्तानची मातीची भांडी, समरकंदचा तुतीच्या सालीचा कागद आणि सुका मेवा, एवढं घ्या. दुकानदार "खूप जुनं आहे" म्हणून काही दाखवायला लागला तर नकोच म्हणा, 50 वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला परवानगीच्या कागदाशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. आणि बुखाऱ्याची ती पक्ष्याच्या आकाराची कात्री काकूंनी घेतलीच, घेतातच, तर ती चेक-इनच्या बॅगेत टाका.